उचल सरकारची, कोयता आमचा

पोरांनो, कोपरगावच्या पट्ट्यात उचल म्हंजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. मुकादम हंगामाआधी पैसे देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि पाच-सहा महिने ऊस तोडूनही उचल फिटत नाही. सरकारनंही उचल घेतलीय. मार्च 2025 च्या अंदाजपत्रकात महाराष्ट्राच्या कर्जाचा आकडा 9 लाख 32 हजार कोटी. वर्षाचं नुसतं व्याज 64 हजार कोटींच्या वर, म्हंजे रोजचे पावणेदोनशे कोटी. फरक एवढाच, मजूर आपली उचल आपण फेडतो. सरकारची उचल साबणाच्या वडीवर कर भरणारी म्हातारीसुद्धा फेडते.

धरणासाठी, शाळेसाठी कर्ज काढलं तर आमची ना नाही. पण त्याच अंदाजपत्रकात महसुली तूट 45,891 कोटी. म्हंजे रोजचं मीठ-मिरचीही उधारीवर. ही तूट आवरायला 2005 साली ह्याच राज्यानं कायदा केला होता! वर साखर कारखान्यांच्या कर्जाला सरकारची हमी. ती ह्या कर्जात मोजत नाहीत. कारखाना बुडाला की मग कळतं.

आणि तिजोरीत खडखडाट झाला की पहिला हात कुणाच्या गल्ल्यात जातो? मे 2025 मध्ये लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकासचे 335 कोटी 70 लाख वळवले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट स्वतःच जाहीर बोंबलले. मालकच ओरडतो घर फोडलं म्हणून, आणि फोडणारे त्याच्याच पंगतीला!

इथं घोटाळा करू नका. ते दीड हजार आमच्या आयाबहिणींच्याही हाती पडतात, आणि त्यांच्याकडं बोट दाखवणाऱ्याशी आपलं भांडण आहे. पण ते सगळ्यांच्या तिजोरीतून द्या ना. आईला द्यायचे म्हणून तिच्याच लेकराच्या वसतिगृहाच्या, स्वाधारच्या खात्यात हात घालायचा, ह्याला काय म्हणायचं?

लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, ही विशेष घटक योजनेची गोष्ट 1979-80 पासूनची. 2025-26 ला अनुसूचित जाती घटकासाठी 22,658 कोटी दाखवले. बाकं वाजली असतील. पण दाखवलेला पैसा आणि पोचलेला पैसा ह्यांत गोदावरीएवढं अंतर. आंध्रानं 2013 साली ह्या पैशासाठी कायदा केला, कर्नाटकानंही त्याच साली. कर्नाटकाच्या कायद्यात 7-ड नावाची पळवाट ठेवलेली, ती 2023 ला काढावी लागली. कायद्यानं चोरी थांबतेच असं नाही, पण भांडायला हातात कागद तरी असतो. आपल्याकडं तोही नाही. तो कायदा पाहिजे : वाटा दुसरीकडं वळवता येणार नाही, उरला तर 31 मार्चला बुडणार नाही, आणि तालुकावार हिशेब छापून चावडीवर लागेल.

बाबासाहेबांनी 1925 साली प्रांतिक सरकारांच्या तिजोरीवर आख्खं पुस्तक लिहिलं. आपण 14 एप्रिलच्या डीजेची वर्गणी पैन् पै मोजतो. त्याच्या पंधरा दिवस आधी, 31 मार्चला, आपल्या नावचे किती परत गेले, हे कुणी विचारत नाही. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात. अर्ज समाजकल्याणच्या नगरच्या कचेरीत. विचारायचं एवढंच : कोपरगाव तालुक्यासाठी किती मंजूर, किती आले, किती खर्च, किती परत. मंडळागणिक एक अर्ज टाका.