डेटा सायन्सची पाळेमुळे शेतातही शोधा

संपादक महोदय,


आपल्या पुरवणीतला डेटा सायन्सवरचा लेख वाचला. हे शास्त्र जणू कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांनीच जन्माला घातले, असा त्याचा सूर आहे. तो मला मान्य नाही. संगणक नवाकोरा असताना त्याला संख्याशास्त्राच्या कामाला जुंपणाऱ्यांत फ्रँक येट्स आघाडीवर होते आणि त्यांची कर्मभूमी होती इंग्लंडमधले रॉथॅमस्टेड हे कृषी संशोधन केंद्र.

येट्स १९०२ साली मँचेस्टरला जन्मले. केंब्रिजला गणित शिकले, आफ्रिकेत गोल्ड कोस्टच्या भूमापनात काम केले आणि १९३१ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या हाताखाली रॉथॅमस्टेडला रुजू झाले. दोनच वर्षांत तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९६८ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांच्या कामाचा एक नमुना पाहा. नत्र, स्फुरद, पालाश ही तीन खते. प्रत्येक द्यायचे किंवा नाही द्यायचे. म्हणजे आठ प्रकारचे प्लॉट. कोणत्या खताने किती फरक पडला आणि दोन खते एकत्र आल्यावर काय झाले, हे काढायची रीत येट्स यांनी १९३७ मध्ये मांडली. आठ उत्पन्ने ठरावीक क्रमाने एकाखाली एक लिहायची. लगतच्या जोड्यांच्या बेरजा पुढच्या रकान्यात वर, वजाबाक्या खाली. हे तीनदा केले की सगळे परिणाम हाती येतात. पेन्सिल-कागद पुरे! ध्वनी आणि चित्रांच्या संगणकीय प्रक्रियेचा पाया असलेला कूली आणि ट्यूकी यांचा १९६५ चा निबंध सुरू होतो तोच येट्स यांच्या या रीतीच्या उल्लेखाने. खतांच्या प्लॉटमधली ही बेरीज-वजाबाकी कुठवर पोचली पाहा.

१९५४ मध्ये रॉथॅमस्टेडला एलियट ४०१ हा संगणक आला. त्याच्यासाठीचे प्रोग्रॅम तिथल्या संख्याशास्त्रज्ञांनी स्वतः यंत्रभाषेत लिहिले. पुढे १९६०-६१ मध्ये येट्स ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीचे अध्यक्ष झाले.

पण संगणक दारात येण्याआधी हा माणूस वीसेक वर्षे शेतातले प्रयोग आखत होता, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आज नेमके उलटे चालले आहे. विद्यार्थी पहिल्याच सत्रात सॉफ्टवेअर शिकतो. प्लॉट कसे पाडले, रँडमायझेशन (म्हणजे कोणत्या प्लॉटला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवणे) केले का, बांधालगतची रोपे मोजणीत धरली का, हे विचारायचे त्याला सुचतच नाही. कोणतेही आकडे घाला, प्रोग्रॅम निमूटपणे तक्ता काढून देतो. डेटा प्रचंड असला की आखणीची गरज उरत नाही, असे काही जण सांगतात. चुकीच्या आखणीतून आलेले लाख आकडेही चुकीचेच उत्तर देतात.

शेतातल्या प्रयोगांतून संख्याशास्त्र घडवण्याची ही परंपरा आपल्याकडे परकी नाही. व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांचे कृषी संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक रॉथॅमस्टेडला संगणक आला त्याच १९५४ सालचे. कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांत आजही त्याचा दाखला असतो.

म्हणून अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: डेटा सायन्सच्या पहिल्या वर्षी प्रयोगाची आखणी सक्तीची करा, सॉफ्टवेअर त्यानंतर शिकवा. आणि आपण या विषयावर पुन्हा लेख छापाल, तेव्हा येट्स, पानसे आणि सुखात्मे यांना त्यात जागा द्यावी.

आपला,
कृषी सांख्यिकीचा एक निवृत्त शिक्षक