१९५९ : एक स्टुडिओ, एक फुटपाथ

या सदरात आपण दर वेळी एक वर्ष घेतो आणि त्या वर्षातल्या रेकॉर्ड ऐकतो. या वेळचं वर्ष १९५९, शहर न्यूयॉर्क आणि संगीत जॅझ. यातलं काहीतरी तुम्ही नक्की ऐकलेलं आहे, नाव माहीत नसेल एवढंच. एखाद्या कॅफेत, विमानतळावर, नाहीतर अभ्यासाच्या वेळी लावायच्या प्लेलिस्टमध्ये ‘सो व्हॉट’ किंवा ‘टेक फाइव्ह’ कधी ना कधी कानावरून गेलेलं असतं. आता त्याला शांत, निवांत पार्श्वसंगीताची कळा आली आहे. ज्यांनी ते वाजवलं त्यांचं ते वर्ष मात्र अजिबात निवांत नव्हतं.

न्यूयॉर्कच्या पूर्व भागात ३०व्या रस्त्यावर एक जुनं चर्च होतं. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने ते घेऊन तिथे स्टुडिओ थाटला. छत खूप उंच, त्यामुळे वाद्यांच्या आवाजाला आपसूक एक गोलाई यायची. आज मी सांगणार आहे त्यातल्या तीन रेकॉर्ड एकाच वर्षात या एकाच दालनात झाल्या. (ती इमारत पुढे पाडली. असो.)

पहिली रेकॉर्ड माइल्स डेव्हिसची, ‘काइंड ऑफ ब्लू’. दोनच दिवसांचं काम: २ मार्च आणि २२ एप्रिल. त्यात नवीन काय होतं हे कळायला आधीचं थोडं माहीत हवं. तोवरच्या जॅझमध्ये पद्धत अशी, की एखादी चाल एकदा सगळ्यांनी मिळून वाजवायची, मग त्या चालीखालचे कॉर्ड आपल्या ठेक्याच्या आवर्तनासारखे फिरत ठेवायचे आणि त्यावर एकेकाने उपज करायची. चार्ली पार्करच्या पिढीने हे कॉर्ड इतके दाट आणि लय इतकी चढी केली, की वादकाचा निम्मा जीव पुढचा कॉर्ड गाठण्यातच जायचा. सारखी बस पकडल्यासारखं.

माइल्सने बशी कमी केल्या. ‘सो व्हॉट’मध्ये सोळा बार एकच स्वरावली आहे. तिच्यात गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. पेटी शिकलेल्यांनी ओळखलं असेल, हे आपल्या काफी थाटाचेच स्वर. मग आठ बार तीच स्वरावली अर्ध्या स्वराने वर सरकते, आणि शेवटचे आठ बार पुन्हा खाली. बस, एवढंच. या स्वरांत वादकाने रमायचं, थांबायचं, हवं तर गप्प बसायचं. म्हणून तो राग झाला असं मात्र कृपा करून कुणाला सांगू नका. त्यात चलन नाही, पकड नाही, वादी-संवादी नाही. पण थोड्या स्वरांत बराच वेळ राहण्याचं सुख आपल्या कानाला परकं नाही, आणि माझ्या मते जॅझ न आवडणाऱ्या आपल्याकडच्या माणसालाही ही रेकॉर्ड आवडते ती त्यामुळेच.

माइल्सने वादकांना पाठांतर करून बोलावलं नव्हतं. स्टुडिओत आल्यावर त्याने जुजबी टिपणं हातात दिली. पाचपैकी चार रचनांचा जो पहिला टेक पूर्ण वाजला, तोच रेकॉर्डवर आहे. आणखी एक गंमत: २ मार्चला टेपचं यंत्र जरा सावकाश फिरत होतं, म्हणून पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना रेकॉर्डवर किंचित चढ्या सुरात वाजायच्या. ही चूक दुरुस्त होऊन आवृत्ती निघाली ती थेट १९९० च्या दशकात. रेकॉर्ड लावून सोबत वाजवू पाहणाऱ्या किती जणांनी आपलंच वाद्य बेसूर समजून पिळलं असेल!

याच ताफ्यात सॅक्सोफोन वाजवणारा जॉन कोल्ट्रेन दुसऱ्या सत्रानंतर दोन आठवड्यांच्या आत, ४ आणि ५ मे रोजी, दुसऱ्या कंपनीकडे ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित करायला गेला. तिथे त्याने नेमकं उलटं केलं. भयंकर वेगात, बहुतेक ठिकाणी दर दोन मात्रांना कॉर्ड बदलतो. पियानोवर टॉमी फ्लॅनगन होता, उत्तम वादक. त्याची पाळी येते आणि तो अडखळतो, तुटक वाजवतो; ते तसंच रेकॉर्डवर राहिलं. एकच माणूस एकाच वसंतात दोन्ही टोकं गाठून आला.

आता डेव्ह ब्रूबेक. इथे आपला थोडा संबंध येतो. १९५८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याच्या चौकडीला लांबच्या दौऱ्यावर पाठवलं: पोलंड, तुर्कस्तान, भारत, श्रीलंका, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, इराक. शीतयुद्धाचे दिवस, आमच्याकडे बघा कसं मोकळं संगीत आहे, असं जगाला दाखवायचं होतं. मुंबईत ब्रूबेक सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवायला बसला, मद्रासमध्ये त्याचा ड्रमवाला जो मोरेलो मृदंगाचार्य पळनी सुब्रमण्यम पिळ्ळै यांच्यासमोर. आणि इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने नऊ मात्रांचा एक ठेका ऐकला. नऊ म्हणजे तीन-तीन-तीन नव्हे. ‘तक तक तक तकिट’ असे, दोन-दोन-दोन-तीन. त्यातून ‘ब्लू राँडो आ ला टर्क’ झालं.

दुसऱ्या वर्षी ‘टाइम आउट’ त्याच जुन्या चर्चमध्ये तयार झाली. जॅझ तोवर जवळपास सगळा चार मात्रांचा. इथे पाच, नऊ, तीन-चारची सरमिसळ. ‘टेक फाइव्ह’ लिहिलं पॉल डेसमंडने, पाच मात्रांत, ‘तकिट तक’. तबल्याच्या क्लासला जाऊन आलेल्यांना यात काय विशेष असं वाटेल. झपतालाची दोन-तीन-दोन-तीन तर आपण आठवीत हातावर मोजत होतो. पण चारचीच सवय असलेल्या श्रोत्याची पहिल्यांदा समच चुकते. डेसमंड १९७७ मध्ये गेला आणि या रचनेची रॉयल्टी रेड क्रॉसला ठेवून गेला.

ब्रूबेकच्या चौकडीत तिघे गोरे आणि बेस वाजवणारा युजीन राइट काळा. परदेशात हे चौघे अमेरिकेच्या मोकळेपणाचे दूत. मायदेशी दक्षिणेतल्या कॉलेजांनी कळवलं, बेसवाला बदला. ब्रूबेकने बदलला नाही, आणि १९६० च्या सुरुवातीच्या तिथल्या दौऱ्यातल्या २५ कार्यक्रमांपैकी बहुतेकांवर पाणी सोडलं.

तिसरी रेकॉर्ड चार्ल्स मिंगसची, ‘मिंगस आह अम’. ५ आणि १२ मे, पुन्हा तेच दालन. मिंगस डबल बेस वाजवायचा आणि तापट म्हणून प्रसिद्ध होता. यातली ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ ही रचना सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसाठी आहे. तो १५ मार्चला वारला. तशी चपटी हॅट ही त्याची ओळख. शोकाची रचना आहे, पण कुठेही गळा काढलेला नाही. दुसरी रचना ‘फेबल्स ऑफ फॉबस’. ऑर्व्हल फॉबस हा आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना शिरू द्यायचं नाही म्हणून त्याने सशस्त्र दल उभं केलं होतं. त्या वेळी लुई आर्मस्ट्राँग इतका संतापला, की सरकारतर्फे ठरत असलेल्या सोव्हिएत दौऱ्याला त्याने नकार दिला. मिंगसने फॉबसला सर्कशीतल्या विदूषकासारखी लचकत चालणारी चाल दिली. रचनेला शब्दही होते, बोचरे. ते कोलंबियाला नको होते असं सांगितलं जातं. काही असो, १९५९ च्या रेकॉर्डवर फक्त वाद्यं आहेत.

लेस्टर यंगची जिवलग मैत्रीण बिली हॉलिडे. तिला ‘लेडी डे’ हे नाव त्यानेच दिलेलं. तो गेल्यावर चार महिने व दोन दिवसांनी, १७ जुलैला, तीही गेली, वयाच्या ४४ व्या वर्षी. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबात गायचं-वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं कार्ड लागायचं. बिलीचं कार्ड अमली पदार्थांच्या खटल्यानंतर १९४७ मध्येच गेलं होतं. म्हणजे कार्नेगी हॉलमध्ये गाता येई, पण क्लबात नाही, आणि रोजची कमाई क्लबातच. शेवटच्या आजारात अमली पदार्थ सापडल्याच्या आरोपावरून तिला हॉस्पिटलच्या खाटेवरच अटक झाली होती. दाराशी पोलीस बसलेला असायचा.

आणि ऑगस्ट. ‘काइंड ऑफ ब्लू’ १७ तारखेला बाजारात आली. २५ च्या रात्री माइल्सचा ताफा ब्रॉडवेवरच्या ‘बर्डलँड’ क्लबात वाजवत होता. मधल्या वेळात एका गोऱ्या बाईंना टॅक्सीत बसवून तो दारापाशी सिगरेट ओढत उभा राहिला. गस्तीच्या पोलिसाने सांगितलं, चालू लाग. माइल्स म्हणाला, मी इथेच काम करतो, वर पाटीवर माझंच नाव आहे. पोलिसाने ऐकलं नाही, माइल्स हलला नाही. बाचाबाची चालू असताना एका डिटेक्टिव्हने त्याच्या डोक्यावर दंडुका हाणला. रक्ताचे डाग पडलेल्या कोटातला त्याचा त्या रात्रीचा फोटो आजही पाहायला मिळतो. अटक झाली, डोक्याला टाके पडले, आणि कार्डही काही काळ काढून घेतलं गेलं. पुढे कोर्टात तो निर्दोष सुटला. हा क्लब ‘बर्ड’ ऊर्फ चार्ली पार्करच्या नावाने होता, आणि आठवडाभरापूर्वी ज्याची रेकॉर्ड दुकानात आली त्याला त्याच क्लबाच्या दारात उभं राहायला पोलिसाची परवानगी हवी होती.

नोव्हेंबरात ऑर्नेट कोलमन आला. लॉस एंजेलिसमध्ये लिफ्टमनची नोकरी केलेला माणूस, हातात प्लॅस्टिकचा पांढरा सॅक्सोफोन. ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात त्याच्या चौकडीत पियानोच नव्हता; म्हणजे कॉर्ड धरून ठेवणारं कुणीच नाही. ज्याला जिकडे जायचं त्याने जावं, बाकीच्यांनी ऐकून साथ करावी. लोक उठून गेले, लोक पुन्हा पुन्हा आले, मोठमोठ्या वादकांत भांडणं लागली. त्याच्या रेकॉर्डचं नाव होतं ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’. मला स्वतःला ती पहिल्या दोन वेळा अजिबात कळली नव्हती. ‘लोनली वुमन’पासून सुरुवात करा, सोपं जाईल.

बाकी क्रम असा ठेवा. आधी ‘सो व्हॉट’, हेडफोन लावून, दुसरं काही न करता. मग लगेच ‘जायंट स्टेप्स’. कोल्ट्रेन ओळखू येतो का पाहा. ‘टेक फाइव्ह’ला हातावर पाच मोजा. शेवटी मिंगस, आणि फॉबसची रचना दोनदा: एकदा १९५९ ची, आणि मग ऑक्टोबर १९६० ची. ती मिंगसने ‘कॅन्डिड’ या छोट्या कंपनीसाठी केली. तिच्यात तो आणि ड्रमवाला डॅनी रिचमंड सगळे शब्द मोठमोठ्याने ओरडून म्हणतात.