काठीची शेंबी आपल्या पाण्याची हवी

रॉड बांधून घ्यायला येणारा माणूस आधी माझ्यासमोर मोबाइल धरतो. त्यात एखादा जपानी नाहीतर अमेरिकन रॉड असतो आणि मुठीच्या टोकाशी निळी, तांबडी, हल्ली बहुतेक सोनेरी रिंग चमकत असते. "नाना, अशीच हवी." मी विचारतो, गरवणार कुठे? कुणी खाडी सांगतो, कुणी धरण, आणि बरेचजण सांगतात की ते अजून ठरायचंय. पाणी ठरायचंय आणि रिंगचा रंग मात्र ठरलाय! हा उलटा क्रम मला मान्य नाही. रॉडवरचे बारीकसारीक दागिने ज्या पाण्यात तो जाणार त्या पाण्याला विचारून निवडावेत, आणि त्यातले निम्मेअधिक इथेच, आपल्या लेथवर काढावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी वरंधचा. महाडच्या एमआयडीसीत टर्नर म्हणून उमेदीची वर्षं गेली. आता मागच्या पडवीत एक जुना लेथ आहे. जुलै २०२१च्या पुरात महाडचं एक वर्कशॉप बुडालं, तिथला हा लेथ मी भंगाराच्या भावात उचलला आणि बेडवरचा गंज घासून चालता केला. त्यावर गावची कामं होतात आणि हौशी लोकांचे रॉडही बांधले जातात.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॉडचा कणा म्हणजे ब्लँक, कार्बनची किंवा काचतंतूची निमुळती पोकळ नळी. तिच्यावर कॉर्कची किंवा फोमची मूठ चढते, रील बसवायची सीट येते, दोरी धावायला गाईडच्या कड्या धाग्याने बांधल्या जातात आणि धाग्यावर इपॉक्सीचा थर चढतो. एवढ्यावर मासा धरता येतो. उरलं ते बारदान: मूठ संपते तिथली रिंग, सीटच्या कडेची पट्टी, गळ अडकवायची आकडी, बुडाचं टोपण. कॅटलॉगमध्ये या वस्तू शेवटच्या पानावर असतात आणि गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर घालवतं.

मुठीच्या टोकाची रिंग घ्या. तिला धंद्यात वाइंडिंग चेक म्हणतात, मी शेंबी म्हणतो. ब्लँक निमुळता आणि मुठीचं भोक रीमरने वाढवलेलं, त्यामुळे दोघांच्या मध्ये फट राहतेच. ती फट शेंबी झाकते, पाणी आत जाऊ देत नाही आणि पुढच्या धाग्याच्या पहिल्या वेढ्याला टेकायला भिंत देते. तिचं माप आतल्या व्यासावर घ्यायचं, आणि ब्लँक मोजायचा तो मूठ जिथे संपते नेमका तिथे. व्हर्नियर लावला आणि १०.२ मिलिमीटर आलं, तर बाजारातली १० ची रिंग खाली उतरत नाही आणि ११ ची सैल बसून कडेला अर्धचंद्रासारखी काळी फट दाखवते. अशा वेळी लोक १० ची रिंग दाबून बसवतात. धातूची धार कार्बनवर ओरखडा काढते, आणि पुढे कधीतरी मोठा मासा लागल्यावर ब्लँक त्याच ओरखड्यावर मोडतो. मग दोष ब्लँकला! लेथ असेल तर १०.३ चं भोक मारायला कितीसा वेळ लागतो? आणखी एक, शेंबी टोकाकडूनच ओवावी लागते, गाईड बांधायच्या आधी. विसरलात तर सगळ्या गाईड सोडवून परत बांधा.

आता पाण्याचं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. महाडपर्यंत भरती जाणवते. म्हणजे तासाभराच्या वाटेत आमच्याकडे डोंगरातलं गोडं पाणीही आहे आणि खाडीचं मचूळ पाणीही. दासगावच्या खाली जिताड्याच्या आशेने बसणारा आणि वरंधच्या ओढ्यावर खडकावरून उड्या मारत जाणारा, दोघांच्या रॉडवर एकच शेंबी कशी चालेल?

खाडीत रंगीत ॲल्युमिनियम वापरू नका, असं मी सगळ्यांना सांगतो. थोडेच ऐकतात. ॲल्युमिनियम हलकं, रंग छान घेतं, गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं. पण त्याचा रंग म्हणजे वरचा पातळ थर. होडीच्या काठावर एकदा घासला की आतला धातू उघडा पडतो. त्यात ब्लँक कार्बनचा. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे कार्बन, ॲल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आले की बॅटरीत चालते तीच क्रिया सुरू होते आणि झिजायचं काम ॲल्युमिनियमच्या वाट्याला येतं. कडेने पांढरी भुकटी दिसायला लागते, ती हीच. ॲल्युमिनियमचाच हट्ट असेल तर रिंग आणि ब्लँक यांच्यामध्ये इपॉक्सीचा अखंड थर हवा, धातू कार्बनला कुठेही टेकता कामा नये. स्टेनलेस घ्यायचं तर ३१६ घ्या. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून मिठाच्या पाण्यात ते ३०४ पेक्षा जास्त तग धरतं. कापायला ते चिवट, टूलची धार खातं, पण एकदा बसलं की बसलं.

आणि साधं काळं रबर? त्याला कुणी विचारत नाही, आणि खाडीसाठी माझी पहिली पसंती तेच असतं. ते ताणून बसतं, निमुळत्या ब्लँकवर आपोआप आवळतं, ओरखडा काढत नाही, गंजत नाही. उन्हाने काही वर्षांत चिरतं, तेव्हा ब्लेडने कापून टाका. नवं घालायला मात्र टोकाकडच्या गाईड आड येतात, म्हणून मी बांधतानाच एक जादा रबरी रिंग मुठीत सरकवून ठेवतो.

ओढ्यावर फिरणाऱ्याला शेंबीपेक्षा गरज आहे ती आकडीची. मुठीच्या थोडं पुढे, धाग्याने बांधलेला बारीक तारेचा फास. चालताना गळ त्यात अडकवायचा. आमच्या ओढ्यांच्या काठाने करवंदीच्या जाळ्या, त्यातून मोकळा लोंबता गळ घेऊन कुणी जाऊन दाखवावं. आकडी नसली की लोक गळ सरळ गाईडच्या कडीत अडकवतात. कडीच्या आतलं सिरॅमिक तिथे टिचतं किंवा चरा पडतो, तो डोळ्याला दिसतही नाही, आणि पुढे दोरी धावताना त्याच चऱ्यावर चिरत जाते. हा दागिना सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कामाचा, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने आपणहून मागितलेला मला आठवत नाही.

बुडाच्या टोपणाचंही तसंच. इथला खडक काळा आणि खरबरीत. त्यावर कॉर्कचं बूड टेकलं की एका हंगामात भुगा. परदेशी टोपणं देखणी असतात, पण महाडच्या औषधाच्या दुकानात म्हाताऱ्यांच्या काठीला लावायचं रबरी बूट मिळतं, ते त्या टोपणाच्या तोडीस तोड चालतं. आत मूठ बसेल एवढं भोक घासून घ्यायचं आणि चिकटवायचं. एका पुणेकराने ते पाहून नाक मुरडलं होतं. नंतर तो खडकावरून घसरला, रॉड बुडावर आदळला, काही झालं नाही. त्याने दोन बुटं आणखी नेली.

मी नटव्या रॉडच्या विरोधात आहे असा कुणी समज करून घेऊ नये. पोळ्याला बैलाच्या शिंगांना पितळी शेंब्या घालतात, त्याने शिंगाचं टोकही जपतं आणि बैलही दिसतो. रॉडलाही तसंच असावं. माशाला शेंबीचा रंग कळत नाही हे खरं. वाळण कोंडीला काळ नदीच्या डोहात वरदायिनी देवीचे महसीर आहेत, त्यांना कुणी धरत नाही. तिथे कुरमुरे टाकले की हातहातभर मासे वर येतात. त्यांच्याकडे पाहत बसलं की कळतं, रॉडचा सगळा थाट आपल्या डोळ्यांसाठी असतो. असू दे की. पण डोळ्यांसाठीची वस्तू हाताच्या आड येऊ नये. वजन वाढवायचं तर मुठीपाशी वाढवा, तिथे पाच ग्रॅम वाढले तरी कळत नाहीत, उलट रॉड हातात तोलून बसतो. टोकाकडे एक ग्रॅमही मनगटाला जाणवतो. म्हणून टोकाजवळच्या गाईडवर रंगीबेरंगी धाग्याचे लांबलचक वेढे आणि वर इपॉक्सीचा जाड थर मागणाऱ्याला मी नाही म्हणतो.

नक्षीला माझी ना नाही, कारण बरीचशी नक्षी कधीकाळी गरज होती. बांबूच्या पट्ट्या चिकटवून बनवलेल्या जुन्या विलायती रॉडवर थोड्या थोड्या अंतरावर रेशमी धाग्याचे वेढे असत. तेव्हाचा सरस दमट हवेत मऊ पडे आणि पट्ट्या सुटू नयेत म्हणून तो बंदोबस्त होता. आमच्याकडेही गरवायची काठी उलू नये म्हणून पेरांच्या मध्ये मेण लावलेला दोरा गुंडाळत. सरस सुधारला, बांबू गेला, कार्बन आला, वेढे तेवढे राहिले.

आता इथे बनवण्याचा मुद्दा. एका माणसाने दोनशेची रिंग मागवली, पाठवणावळ रिंगपेक्षा जास्त पडली आणि माप चुकीचं निघालं. ती रिंग परत पाठवणं न परवडणारं, म्हणून माझ्याकडे पडून आहे. अशा रिंगांचा माझ्याकडे डबा भरत आलाय. लोक म्हणतात, एकेक रिंग लेथवर काढणं तुम्हाला परवडतं का? एकेक नाही परवडत. दांडा चकमध्ये धरायचा, सेंटर घ्यायचं, भोक मारायचं, कडा गोल करायची, पार्टिंग टूलने कापायची; यात पहिल्या रिंगला जेवढा वेळ जातो त्याच्या चौथाईत दुसरी निघते. म्हणून हौशी मंडळींनी आपापली मापं गोळा करून एकदम पाठवावीत, असं मी सांगत असतो. महाड आणि बिरवाडीकडच्या छोट्या वर्कशॉपांत पितळेचे आणि स्टेनलेसचे उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, मंदीत लेथ रिकामे असतात. आयटीआयच्या पोरांना बुश आणि पिना काढायला देतात तशी एखादी शेंबी काढायला दिली, तर दशांश मिलिमीटरची शिस्त हाताला लागेल आणि वस्तू विकलीही जाईल.

पितळ जड आहे, ॲल्युमिनियमच्या तिप्पट. कळकतंही. पण मुठीपाशी वजन चालतं हे वर सांगितलंच, आणि कळकलेलं पितळ चिंचेने घासून लख्ख करता येतं. त्याहून मला आवडते ती करवंटी. जून नारळाची करवंटी तीन-चार मिलिमीटर जाड निघते. तुकडा लाकडी दांड्यावर चिकटवून लेथवर धरायचा, धारदार टूलने हलक्या हाताने कातायचा, पॉलिश पेपर मारायचा आणि इपॉक्सीत बुडवून सील करायचा. काळपट तपकिरी रंग येतो, आत बारीक फिकट रेघा. कॉर्कशेजारी तो जितका शोभतो तितका कुठलाच निळा धातू शोभत नाही. गंज नाही, कार्बनशी भांडण नाही. खोबरं घरात, करवंटी चुलीत, आणि रिंग मात्र सातासमुद्रापलीकडून, याला काय म्हणावं?

ज्यांना रॉड बांधून घ्यायचाय त्यांना एवढंच सांगतो. नुसता कॅटलॉगचा नंबर पाठवू नका, ब्लँक घेऊन या, कारण एकाच नंबरच्या दोन ब्लँकमध्येही फरक निघतो. जुलै-ऑगस्टमध्ये येऊ नका. घाटाचा भरवसा नसतो, हे एक. दुसरं, इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्या दमट हवेत इपॉक्सी धुरकट होतं, वर चिकट साय धरते, मग खरवडून पुन्हा लावावं लागतं. शिवाय रॉड वाळताना मंद फिरवत ठेवायला मी मखरातलं चक्र फिरवायची मोटर वापरतो, आणि गणपती जाईपर्यंत ती मोटर घरच्यांच्या ताब्यात असते. दसऱ्यानंतर या. पाणी ठरवून या. रंग तेव्हा बघू.