आरोग्यविचार : बेताल नाडी

घरातील वडील मंडळींची नाडी अधूनमधून पाहण्याची चाल घरोघरी असावी, असे आम्हांस वाटते. ठोक्यांस कोणताच ताल नाही असे आढळल्यास हृदयाचा विद्युत्-आलेख काढून घेण्यास विलंब लावू नये. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरू लागले म्हणजे नाडी अशी बेताल होते. १९०९ साली लंडन येथे टॉमस लुइस यांनी आलेखावरून हा विकार ओळखला. वार्धक्य, रक्तदाब, कंठग्रंथीचा अतिरेक, मद्यपान ही त्याची कारणे होत. आपल्या देशात बालपणीच्या संधिवाती तापाने अरुंद झालेली झडप हेही एक मोठे कारण आहे.

परंतु खरे भय धडधडीचे नव्हे. थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गोठते व ती गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो. म्हणून ठोके आवरणाऱ्या औषधाबरोबर पुष्कळांस रक्त गोठू न देणारे औषधही घ्यावे लागते. ॲस्पिरिनने ते काम भागत नाही. बरे वाटले म्हणून ते आपल्याच मताने सोडणे हा शुद्ध आत्मघात होय!

नवी औषधे सोयीची खरी. तथापि झडप अरुंद असणाऱ्यांस जुने वॉरफरिनच हितावह, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दिसले. त्यास रक्ततपासणी वरचेवर लागते. पालेभाजी वर्ज्य नाही, प्रमाण मात्र नित्य सारखे असावे. चातुर्मासाचे नेम धरण्यापूर्वी आजीबाईंनी एवढे डॉक्टरांस अवश्य विचारावे.