माल्टाचे सहा प्रतिनिधी

युरोपीय पार्लमेंटातील ७२० जागांपैकी माल्टाच्या वाट्याला अवघ्या ६ येतात. तथापि जर्मनीचा एक सदस्य ८ लाखांहून अधिक लोकांचे प्रतिनिधित्व करतो, तर माल्टाचा एक लाखाहूनही कमी लोकांचे. लहानांचा आवाज बुडू नये म्हणून केलेली ही योजना आम्हांस न्याय्य वाटते. प्रश्न एवढाच, की हा आवाज कोणासाठी उठावा?

पैसे घेऊन नागरिकत्व देण्याच्या माल्टा सरकारच्या धोरणाचा २०१४ साली या पार्लमेंटाने निषेध केला. असे प्रसंग आले की सरकारवर टीका करणाऱ्या स्वदेशीय सदस्यांवर देशद्रोहाचा आरोप तेथे होत आला आहे. परंतु माल्टाचे नागरिकत्व म्हणजे साऱ्या युरोपीय संघाचे नागरिकत्व. मग हा केवळ घरचा प्रश्न कसा? अखेर एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयानेही असा विक्रय बेकायदा ठरविला. त्याच माल्टाच्या रोबेर्ता मेत्सोला यांना पार्लमेंटाने २०२२ व २०२४ साली अध्यक्षपदी निवडले, हेही विसरून चालणार नाही.

प्रतिनिधी हा सरकारचा वकील नव्हे, जनतेचा विश्वस्त होय. लहान राष्ट्राची प्रतिष्ठा दोष झाकल्याने नव्हे, तर ते निर्भयपणे दाखविणाऱ्यांमुळेच वाढते, असे आमचे स्पष्ट मत आहे.