रांगेतल्या हंसिणी

पडद्यावर ‘स्वान लेक’ हा बॅले कितीही वेळा पाहा, बुटांचा आवाज फारसा ऐकू येत नाही. नाट्यगृहात येतो. हंसिणींची रांग धावत आली की फळ्यांवर पावसाची सर आल्यासारखी टपटप. नायिकेपेक्षा मला या रांगेतल्या मुलीच आवडतात, आता हसा हवं तर! पॅरिस ऑपेराच्या कंपनीत ‘काद्रिय’पासून ‘एत्वाल’पर्यंत पाच पायऱ्या, बहुतेकींची उमेद खालच्या पायऱ्यांवरच सरते आणि 42व्या वर्षी निवृत्ती. पेन्शनची सोय चौदाव्या लुईच्या काळातली, 1698ची. तिच्यावर गदा येतेय म्हटल्यावर 24 डिसेंबर 2019ला संपकरी नर्तकी पाले गार्निए या ऑपेराच्या नाट्यगृहाच्या दारात, कडाक्याच्या थंडीत, हंसिणी होऊन नाचल्या. वादकही बाहेर आले होते. मागे संपाचे फलक. तिकीट नव्हतं.