अठराव्या मजल्यावरची गंगा

घर उंच झाले म्हणजे घराणे उंच होते, अशी समजूत आमच्या नाशकात हल्ली फार फोफावली आहे. गंगापूर रोडला पाहावे तिकडे मजल्यांवर मजले चढत आहेत. तशी ही हौस नवी नव्हे. पेशवाईत राघोबादादांनी याच बाजूला नदीकाठी वाडा बांधला आणि गावाला आनंदीबाईंच्या नावावरून आनंदवल्ली म्हणू लागले. कर्ज दादांनाही झाले होते. पण ते मोहिमांचे. आताच्या गृहस्थांना होते ते सदनिकेचे!

माझा धंदा शब्दांचा. त्यामुळे सदनिकेचे गुळगुळीत माहितीपत्रक हाती आले की मी आधी त्यातले शब्दच पाहतो. ओटी, पडवी, माजघर, परसू ही सारी मंडळी हद्दपार झाली आणि त्यांच्या जागी 'लिव्हिंग', 'डायनिंग' व 'मास्टर बेडरूम' नांदू लागली. 'कार्पेट' म्हणजे सतरंजी नव्हे. 2016 च्या रेरा कायद्याने त्याची व्याख्याच करून ठेवली आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडायची. कायद्याने बाल्कनी वगळली खरी. पण तिच्यातून दिसणारी नदी बहुधा किमतीत धरलेली असते.

अशीच एक सदनिका माझ्या आतेभावाने अठराव्या मजल्यावर घेतली. ती दाखवायला आम्ही आत्याबाईंना नेले. आत्याबाई ऐंशीच्या घरात. सारा जन्म जुन्या नाशकात, नदीजवळच्या सासरच्या वाड्यात गेलेला. आता त्या नाके मुरडणार, अशी माझी खात्री होती. पण त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यावर पडलेल्या उन्हावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एवढा उजेड मला नांदायला आले तेव्हा मिळाला असता, तर डोळे टिकले असते रे!"

वाड्यांचे गोडवे गाणाऱ्या आम्हा मंडळींनी हे वाक्य जपून ठेवावे. चौकातली तुळस आम्हाला आठवते. विहिरीवरून हंडे कोणी वाहिले, ते मात्र सोयीने विसरतो.

शिवाय वाडा आता टेकूंवर उभा आहे. सागवानी खांबांची बुडे ओलीने कुजली आहेत. दर पावसाळ्यात महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तशी यांनाही आली. भाडे जुन्या कायद्याने गोठलेले, म्हणून मालकाला दुरुस्ती परवडत नाही. हक्क जाईल, म्हणून भाडेकरू हलत नाही. त्यात 2008 च्या महापुरानंतर नदीकाठी पूररेषा आखल्या गेल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची ती निळी रेषा. तिच्या आत सापडलेल्या जागेत नवे बांधकाम करणे म्हणजे निर्बंधांशी झुंज.

तेव्हा आहे तसा वाडा विकावा आणि कर्ज हलके करावे, हा आतेभावाचा हिशेब काही चुकीचा नाही. फक्त वाड्यात अजून तीन बिऱ्हाडे आहेत: शिवणकाम करणाऱ्या एक बाई, घाटावरचे एक गुरुजी आणि भांडी घडविणारा एक कारागीर. नोटिशीचा कागद पुढे करून त्यांना बाहेर काढणे अवघड नव्हते.

आत्याबाई बाल्कनीत आल्या. खाली गंगा चांदीच्या तारेसारखी दिसत होती.

"पूर आला तर इथून छान दिसेल," त्या म्हणाल्या, "पण दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला, ते इथून कोणाला विचारायचे?"

"आई, मोबाइलवर कळते आता," आतेभाऊ म्हणाला.

"कळू दे. मी सही करीन, इथे राहायलाही येईन. पण आधी त्या तिघांची सोय कागदावर कर. मी अठराव्या मजल्यावर आणि ती मंडळी रस्त्यावर, हे मला इथून दिसायला नको."

आतेभाऊ गप्प राहिला. उतरताना लिफ्टमध्येही कोणी बोलले नाही.

चार दिवसांनी त्याने वकिलांना नवा मसुदा करायला सांगितला. विक्रीच्या पैशातून तिन्ही बिऱ्हाडांना दुसरी जागा घेण्यापुरती रक्कम आधी, मग खरेदीखत. कर्जाचे हप्ते आणखी काही वर्षे लांबतील. सूनबाईंनी मोटार बदलण्याचा बेत आपण होऊन पुढे ढकलला, हे विशेष.

सह्या दिवाळीनंतर व्हायच्या आहेत. यंदाच्या पणत्या वाड्यातच लागतील, टेकूंपासून जरा दूर ठेवून.